नगराची मुद्रा : छत्तीस गढ, सत्तावीस परगणे आणि एक विहीर

गेल्या दिवाळीत काही दिवस रायपूरला धाकट्या भावाकडे राहण्याचा योग आला. त्याचे घर गुढियारीत आहे. रायपूर स्टेशनच्या पाठीमागे, रुळांपलीकडे वसलेला हा भाग. आमचे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. माझे बालपण याच गल्ल्यांत, इंजिनाच्या शिट्ट्या ऐकत गेले. पुढे मी महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गेलो, भाऊ मात्र घर धरून राहिला. गुढियारीत आज किराणा-धान्याची ठोक बाजारपेठ आहे, दाट वस्ती आहे, आणि तरीही रुळांच्या अलीकडे राहणारे रायपूरकर तिचा उल्लेख 'लाइनच्या पलीकडे' असाच करतात.

भावाची नात सहावीत आहे. तिला शाळेने 'आपले शहर आणि त्याची चिन्हे' असा प्रकल्प दिला होता. तिने वहीत छत्तीसगढ शासनाचे बोधचिन्ह चिकटवले होते. मध्यभागी अशोकस्तंभाचे सिंह, दोन्ही बाजूंना भाताच्या सोनेरी लोंब्या, नद्या सुचविणाऱ्या तिरंगी लहरी, ऊर्जेच्या खुणा, आणि या सर्वांभोवती वर्तुळाकार मांडलेले छत्तीस हिरवे गढ. तिने एकेका गढावर बोट ठेवून मोजणी केली आणि विचारले, "मोठे आजोबा, यात आपली गुढियारी कुठे आहे?"

मी म्हणालो, "गुढियारी गढ नव्हती, बेटा." त्यावर तिचा पुढचा प्रश्न सरळ होता. "मग आपलं चिन्ह कोणतं?"

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत विधानसभेच्या तारांकित प्रश्नांना उत्तरे देण्याची सवय झाली होती. पण या प्रश्नाला मी 'बघून सांगतो' एवढेच म्हणू शकलो. हा लेख म्हणजे तेच राहिलेले उत्तर.

प्रथम त्या छत्तीस गढांविषयी. 'गढ' म्हटले की आपल्या मराठी मनापुढे सह्याद्रीतला तट-बुरुजांचा किल्ला उभा राहतो. छत्तीसगढचे गढ तसे नव्हते. काही ठिकाणी मातीचे कोट व खंदक होते हे खरे, परंतु गढ हा मुळात महसुली कारभाराचा घटक होता. रतनपूरच्या कलचुरी राजांच्या राज्यात शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा गढ रतनपूरच्या आणि दक्षिणेला अठरा गढ रायपूरच्या शाखेकडे होते. गावाचा प्रमुख गौंटिया. बारा गावांचा मिळून 'बरहों', त्याचा प्रमुख दाऊ. असे सात बरहों, म्हणजे चौऱ्याऐंशी गावे, मिळून एक गढ, आणि त्यावर दिवाण. अर्थात हा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात कुठे गावे कमी, कुठे अधिक असणारच, हे महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. १८६८ साली बिलासपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिणाऱ्या चिझम या इंग्रज अधिकाऱ्याने कलचुरींच्या जुन्या हिशेबवह्यांच्या आधारे ही रचना नोंदवून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला तपशिलात ठाऊक आहे. नावाविषयी मतभेदही आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी 'छत्तीसगढ' हे 'चेदीशगढ' या शब्दाचे बदललेले रूप असावे असे सुचविले होते. पण लोकांनी छत्तीसचा आकडाच धरून ठेवला.

थोडक्यात, २००१ साली नव्या राज्याने बोधचिन्ह स्वीकारले तेव्हा त्यात जे गोवले गेले, ते लढायांचे स्मारक नव्हते. तो एक जुना प्रशासकीय तक्ता होता. मला तरी दुसरे असे बोधचिन्ह आठवत नाही, ज्यात दप्तरातल्या हिशेबवहीला सिंहांच्या भोवती मानाने बसवले आहे.

आता या कथेतला आपला, म्हणजे मराठ्यांचा, भाग. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूर घेतले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल, दरबारात मराठी भाषा आणि मोडी लिपी, रतनपूरच्या रामटेकडीवरचे मंदिर, या गोष्टी त्यांच्या काळातल्या. १७८७ मध्ये बिंबाजी वारले. त्यानंतर नागपूरहून सुभेदार नेमून कारभार चालविण्याची पद्धत आली. यांपैकी विठ्ठल दिनकर या सुभेदाराने १७९० ते १७९६ या काळात गढांची जुनी रचना मोडली आणि प्रदेशाचे सत्तावीस परगणे पाडले. प्रत्येक परगण्यावर कमाविसदार, त्याच्या हाताखाली फडणीस व इतर कारकून. गढांवरचे वंशपरंपरागत दिवाण आणि दाऊ बाजूला पडले. वसुली नागपूरच्या दप्तराला दिसेल, मोजता येईल आणि वाढविता येईल अशी झाली.

प्रशासक म्हणून पाहिले तर विठ्ठल दिनकरांचे तर्कशास्त्र मला पूर्ण कळते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसेच केले असते, अशी भीती वाटते. घटक एकसारखे करणे, मधल्या माणसांना दूर करणे, हिशेब एका नमुन्यात आणणे. आपण सारे प्रशिक्षणात हेच शिकतो. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक आले. त्यांच्यापैकी ॲग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले आणि सत्तावीस परगण्यांचे सुरुवातीस आठ केले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर जिल्हे आणि तहसिली आल्या. २००० साली नवे राज्य सोळा जिल्ह्यांनिशी जन्मले आणि २०२२ पर्यंत जिल्ह्यांची संख्या तेहतीस झाली.

आता पाहा. छत्तीस, सत्तावीस, आठ, सोळा, तेहतीस. या आकड्यांपैकी लोकांच्या ओठावर कोणता राहिला? जो सर्वांत आधी मोडला गेला तोच. सत्तावीस परगण्यांचे नाव आज स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकाबाहेर कोणी घेत नाही. कोणी त्यांचे चित्र काढले नाही, कोणी त्यांच्यावरून मुलखाला नाव दिले नाही. परगणा हा वरून खाली आलेला घटक होता. गढ हा गौंटिया, दाऊ, दिवाण अशा ओळखीच्या माणसांच्या उतरंडीने बांधलेला होता. कर दोन्हीकडे द्यावाच लागे. पण एका व्यवस्थेत माणूस स्वतःला कुठेतरी पाहू शकत होता, दुसरीत तो जमेच्या रकान्यात होता. चिन्ह टिकण्यामागचे रहस्य मला इथे सापडते असे वाटते.

नगराच्या मुद्रेकडे वळण्याआधी आणखी एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे ढालीवरच्या चित्राची, म्हणजे युरोपातल्या कुलचिन्हाची, परंपरा नव्हती. आपली परंपरा शिक्क्याची आणि निशाणाची. शिक्का कागदावर उमटे आणि आज्ञा खरी असल्याची ग्वाही देई. निशाण सैन्यापुढे चाले. भगवा झेंडा आणि जरीपटका यांना अर्थ होता तो मैदानात. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवर तलवार नाही, सिंह नाही. आहेत ती अक्षरे, आणि ती मुद्रा लोककल्याणासाठी शोभते अशा आशयाची ग्वाही देतात. मराठी राज्यकारभाराच्या पहिल्याच मुद्रेत राज्य कोणासाठी आहे हे लिहिलेले असावे, ही गोष्ट प्रशासनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ढालीवरची चित्रे आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आली ती १ जानेवारी १८७७ रोजी. व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद' जाहीर करण्यासाठी लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरविला. त्यासाठी रॉबर्ट टेलर या बंगालच्या सनदी अधिकाऱ्याने संस्थानिकांसाठी युरोपीय पद्धतीची कुलचिन्हे तयार केली. अशी सुमारे नव्वद रेशमी निशाणे वाटण्यात आली. त्यांचे दांडे इतके जड होते की एकेक निशाण पेलणे अवघड झाले. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर या मराठी घराण्यांची परिचित चिन्हे याच सुमारास या साच्यात बसली. बडोद्याच्या चिन्हाखालचे 'जीन घर, जीन तख्त' हे शब्द मात्र खास मराठी स्वभावाचे, घोड्याच्या जिनालाच घर आणि सिंहासन मानणारे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य तेवीस वर्षांपूर्वीच खालसा झाले होते. त्यामुळे या मुलखाच्या वाट्याला त्यांच्यामार्फत कुलचिन्ह आले नाही. एका सनदी अधिकाऱ्याने टेबलावर बसून राजघराण्यांना त्यांची ओळख नेमून द्यावी आणि त्यांनी ती मुजरा करून स्वीकारावी, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढे वारंवार येते. का, ते पुढे सांगतो.

नगरांची चिन्हेही याच वाटेने आली. गोव्यात तर फार आधी. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने गोवा जिंकले तो दिवस संत कॅथरीनचा, म्हणून तिच्या हौतात्म्याचे चक्र गोव्याचे चिन्ह झाले. नगर पडले त्या दिवसाची आठवण जिंकणाऱ्याने नगराच्याच कपाळी लावली. मुंबईत महानगरपालिकेच्या १८९३ साली पूर्ण झालेल्या इमारतीच्या दर्शनी शिखरावर पंख पसरलेली एक स्त्री उभी आहे आणि तिच्याशी जोडलेले लॅटिन शब्द आहेत, 'अर्ब्स प्रायमा इन इंडिस', म्हणजे हिंदुस्थानातले पहिले नगर. हा अभिमान नगराचा खरा. पण ज्या भाषेत तो कोरला ती त्या इमारतीसमोरून चालणाऱ्या गिरणी कामगाराला वाचता येणार नव्हती. आज महापालिकेच्या बोधचिन्हात धर्म असेल तिथे जय असतो, या अर्थाचे महाभारतातले संस्कृत वचन आहे. तेही सर्वांना कळते असे नाही, पण निदान ऐकलेले असते.

या साऱ्यांत मला सर्वांत आवडते ते कोलकात्याचे जुने चिन्ह. १८९६ साली तिथल्या महापालिकेला मिळालेल्या कुलचिन्हात ढालीच्या दोन्ही बाजूंना हाडगिला हा पक्षी होता, चोचीत साप धरलेला. बगळ्यासारखा उंच, टकला, दिसायला कुरूप असा हा करकोचा एके काळी कोलकात्याच्या रस्त्यांवरची घाण, मेलेली जनावरे, आतडी-कातडी खाऊन शहर साफ ठेवी. तेव्हा त्याला मारणाऱ्यास दंड होत असे. सिंह किंवा गरुड सोडून शहराचा कचरा उचलणाऱ्या पक्ष्याला महापालिकेने आपल्या ढालीशी उभे केले, यात थट्टा असेलही. मला त्यात सचोटी दिसते. नगरपालिकेचे खरे काम कोणते, हे त्या चित्राइतके स्पष्ट फार थोड्या चिन्हांनी सांगितले असेल. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याने ते चिन्ह बदलले.

निशाणाचा प्रश्न मात्र आपल्या भागात फार वेगळ्या रीतीने उभा राहिला. १९२२ साली काँग्रेसची चौकशी समिती जबलपूरला आली असता तिथल्या टाउन हॉलवर चरख्याचा स्वराज्य-झेंडा लावला गेला. रायपूर, नागपूर, जबलपूर ही तेव्हा एकाच मध्य प्रांतात होती. नगरपालिकेच्या इमारतीवर असा झेंडा फडकल्याची चर्चा थेट इंग्लंडच्या पार्लमेंटात झाली. पुढल्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा झेंडा लावण्याची वेळ आली तेव्हा जिल्हा प्रशासनाने आडकाठी केली आणि त्यातून झेंडा सत्याग्रह पेटला. १ मे १९२३ पासून त्याचे केंद्र नागपूर झाले. जमनालाल बजाज अटकेत गेले, पुढे वल्लभभाई पटेल येऊन दाखल झाले, देशभरातून आलेले दीड हजारांहून अधिक स्वयंसेवक तुरुंगात गेले, आणि १८ ऑगस्ट १९२३ रोजी झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून निघाली तेव्हाच हा लढा थांबला.

या प्रसंगात प्रशासनाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की वादाला तोंड फुटले ते किल्ल्यावरून किंवा गव्हर्नरच्या बंगल्यावरून नव्हे, तर टाउन हॉलवरून. ती इमारत लोकांच्या पट्टीतून चालत होती, तिथे लोकांनी निवडलेले सभासद बसत होते. तिच्यावर कोणते निशाण असावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच प्रश्न होता. आणि राज्यकर्त्यांना तो परवडणारा नव्हता. माणसे कापडाच्या तुकड्यासाठी तुरुंगात गेली असे वरवर दिसते. वस्तुतः ती गेली घराच्या मालकीसाठी.

आज कायदा काय म्हणतो तेही पाहू. ध्वजसंहिता २००२ प्रमाणे दुसरा कोणताही ध्वज राष्ट्रध्वजाहून उंच किंवा त्याच्या बरोबरीने लावता येत नाही. ते योग्यच आहे. राजमुद्रेविषयी २००५ चा अधिनियम आणि २००७ चे नियम आहेत. त्या नियमांत, ज्यांना अधिकार दिलेला नाही अशा नगर परिषदा, पंचायती, बँका, विद्यापीठे यांनी सिंहांची राजमुद्रा वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही कित्येक पालिकांच्या निमंत्रणपत्रिकांवर आणि सभासदांच्या पाट्यांवर सिंह दिसतात. मनाई मोडली जाते ही एक बाब. पण मला या मनाईची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. कायदा नगराला सांगतो आहे की हे चिन्ह राष्ट्राचे आहे, तू स्वतःचे शोध. जुन्या नगरपालिका अधिनियमांपासून आजवर पालिकेचे वर्णन 'अखंड परंपरा आणि सामाईक मुद्रा असलेली संस्था' असे केले जाते. माणसे बदलतील, सभासद बदलतील, अधिकारी बदलतील; मुद्रा तीच राहील, आणि तिच्याखाली दिलेला शब्द पाळला जाईल. 'सामाईक' हा शब्द आपण वाचतो आणि पुढे जातो. मीही तसेच केले होते.

आता माझी चूक. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात विदर्भातल्या एका छोट्या नगर परिषदेचा कारभार माझ्याकडे होता. परिषदेच्या शिक्क्यात एका जुन्या पायऱ्यांच्या विहिरीचे चित्र होते. ठसा झिजलेला, चित्र ओबडधोबड. विहीर आहे की चूल, असा प्रश्न पडावा. मी तरुण होतो, कामाचा उत्साह होता. शहरातल्या एका चित्रकाराकडून नवे बोधचिन्ह करून घेतले. उगवता सूर्य, दातेरी चक्र, उघडे पुस्तक, खाली संस्कृत वचन. सर्वसाधारण सभेत ठराव एकमताने संमत झाला. मालमत्ता कराची बिले, पावत्या, पत्रे, सारे नव्या चिन्हानिशी छापले. सर्वांनी अभिनंदन केले.

वर्षअखेरीस थकबाकीदारांच्या यादीत एका वृद्ध बाईंचे नाव आले. वसुली लिपिक म्हणाला, "साहेब, या बाईंची चाळीस वर्षांत एक दिवसाची थकबाकी नाही." मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी पत्र्याची पेटी उघडून पावत्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. प्रत्येक पावतीवर ती झिजलेली विहीर. मग नव्या बिलाचा कागद दाखवून त्या म्हणाल्या, "हे कोण्या दुसऱ्याच कंपनीचं आहे, साहेब. नगरपालिकेच्या कागदावर आमची विहीर असते. असे फसवणारे लोक लई येतात." त्यांच्या नवऱ्याने मरताना सांगितले होते की विहीर असलेला कागद जपून ठेव, घर तुझेच राहील.

त्या कराची रक्कम घेऊन बिलाच्या मुदतीतच कचेरीत आल्या होत्या. दारावरची नवी पाटी पाहिली आणि परत गेल्या. नियमाप्रमाणे त्यांच्यावर शास्ती बसली होती. ती माफ करण्याचा अधिकार मला नव्हता. परिषदेपुढे विषय ठेवला, पण मंजुरी येईपर्यंत माझी बदली झाली. शास्तीची रक्कम त्या बाईंनी भरली असे नंतर कळले. रक्कम मोठी नव्हती. पण चाळीस वर्षे जिने शब्द पाळला तिला थकबाकीदार ठरविणारा कागद माझ्या सहीचा होता, आणि त्यावर उगवता सूर्य होता.

१८७७ च्या त्या टेलरसाहेबाचे दृश्य मला वारंवार का आठवते, हे वाचकांच्या आता लक्षात आले असेल. विठ्ठल दिनकर, टेलर आणि मी, तिघांनीही आपापल्या परीने नीटनेटके काम केले होते. तिघांनीही विचारले नाही ते एवढेच की ही खूण कोण ओळखते.

यावरून नव्या पिढीतील सहकाऱ्यांसाठी तीन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. पहिली, नगराचे बोधचिन्ह सजावट नसते, ते पुरावा असते. वाचता न येणाऱ्या नागरिकाची ती सही ओळखण्याची एकमेव रीत असते. म्हणून ते बदलायचे झाल्यास जुने आणि नवे चिन्ह निदान काही वर्षे कागदावर शेजारी-शेजारी छापावे. दुसरी, बदल सभेत संमत होणे पुरेसे नाही. तो प्रभागाप्रभागांत दाखवला पाहिजे, विशेषतः ज्यांना सभेचे इतिवृत्त वाचता येत नाही त्यांना. तिसरी, चिन्हात काय असावे? सूर्य, चक्र आणि पुस्तक कोणत्याही गावाला चालतात, म्हणून ती कोणत्याच गावाची नसतात. पालिकेने लोकांना जे देण्याचे वचन दिले आहे, ते चिन्हात असावे. पाणी, दिवा, झाडलेला रस्ता. मग चिन्ह रोज तिच्या कारभाराची परीक्षा घेत राहील. कोरड्या नळावर पाण्याचे चित्र मिरविणे कोणत्याही मुख्याधिकाऱ्याला अवघड जाईल.

हे रायपूरच्या बाबतीतही पटण्यासारखे आहे. इथली नगरपालिका १८६७ साली स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे खारून नदीचे पाणी शहरात आणणारी बलरामदास जलयोजना. १८९२ साली ती सुरू झाली आणि तिच्या खर्चाचा मोठा वाटा राजनांदगावचे राजा बलरामदास यांनी उचलला. दुसऱ्या संस्थानच्या राजाने रायपूरच्या नागरिकांसाठी पाणी द्यावे, ही गोष्ट छत्तीस गढांइतकीच चिन्हात शोभली असती. १९६७ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. शहर वाढत रुळांच्या पलीकडे कितीतरी दूर गेले. नावांतून मात्र जुन्या खुणा अजून बोलतात. तात्यापारा म्हटले की मराठी वसाहतीची आठवण येते, गुढियारीजवळचा तेलघानी नाका म्हटले की घाण्याची. या खुणा कोणी ठराव करून ठेवलेल्या नाहीत, म्हणूनच बहुधा टिकल्या.

परतीच्या आदल्या दिवशी मी नातीला बसवून हे सारे तिला समजेल एवढे सांगितले. गढ म्हणजे किल्ला नव्हे तर गावांचा गठ्ठा, हे ऐकून ती जरा हिरमुसली. विहीरवाल्या आजींची गोष्ट मात्र तिने दोनदा ऐकली. नंतर वहीच्या नव्या पानावर तिने एक ढाल काढली. मध्ये आडवे दोन रूळ. वरच्या भागात तांदळाचे पोते. खालच्या भागात नळ, आणि नळाखाली रांगेत ठेवलेले पाच-सहा हंडे.

मी विचारले, "नळाला पाणी नाही का काढणार?"

ती म्हणाली, "मोठे आजोबा, ते सकाळी येतं. आत्ता संध्याकाळ आहे."

मी तिच्या चित्रात काहीही दुरुस्ती सुचविली नाही. एकदा केली होती, तेवढी पुरे झाली.